देवळातल्या साउंडमधली घरघर कशी शोधावी?

टाळकरी
नमस्कार मंडळी. आमचं गाव संगमेश्वर तालुक्यात. देवळात दर एकादशीला भजन असतं. दोन वर्षांपासून मी ते लॅपटॉपवरून थेट दाखवतो. मुंबईतले आमचे चाकरमानी, त्यांच्या घरातली म्हातारी माणसं, सगळी वाट बघत बसलेली असतात.

सामान असं: वायरचे चार माईक, बारा चॅनलचा मिक्सर, अ‍ॅम्प्लिफायर आणि सभामंडपात दोन बॉक्स. मिक्सर खांबाजवळ, माझ्या बाजूला. अ‍ॅम्प गाभाऱ्यामागच्या खोलीत, कारण तिथे कुलूप लागतं. मधे वीसेक मीटर वायर भिंतीच्या कडेने नेली आहे.

बॉक्समधून सतत घरघर येते. कोणी गात नसतानाही येते. वर एक बारीक करकर आणि खाली जाड गुणगुण. आमचे बुवा 82 वर्षांचे आहेत. सूर अजून पक्का, पण आवाज बारीक झालाय. ते मंद्रात उतरले की घरघर वर आणि बुवा खाली, असं ऐकू येतं. त्यांच्या गाण्याचं रेकॉर्डिंग आत्ताच चांगलं व्हायला हवं, ते पुढे ढकलण्यासारखं नाही.

शेजारच्या गावातून मिक्सर आणून लावून बघितला, घरघर तीच. दुकानदार म्हणतो अ‍ॅम्प गेलाय, नवा घ्या. पैसे वर्गणीचे आहेत, म्हणून आधी इथे विचारतोय.

झिलकरी
आमच्याकडेही हेच. वाचतोय.

पत्र्याचीशेड
लॅपटॉपचा चार्जर काढून, बॅटरीवर चालवून बघ. एका मिनिटात कळेल.

टाळकरी
@पत्र्याचीशेड, आत्ताच देवळात जाऊन बघितलं. चार्जर काढल्याबरोबर बारीक करकर गेली! पण जाड गुणगुण आहे तशीच. आणि अडीच तासांचं भजन बॅटरीवर निघत नाही.

सुसाट
सोप्पं आहे. चार्जरच्या प्लगची जाड पिन काढून टाक, किंवा टू पिनचा अ‍ॅडॉप्टर लाव. अ‍ॅम्पचीही काढ. डेकोरेशनवाले सगळे हेच करतात, घरघर जागेवर बंद.

रानजाई
@सुसाट, कृपा करून असं सांगू नका. मी गाते. एका लग्नात माईकला ओठ लागला आणि असा झटका बसला की दोन दिवस ओठ बधिर होता. साउंडवाल्याने घरघर घालवायला मिक्सरची अर्थ पिन तोडली होती. कीबोर्डच्या अ‍ॅम्पमध्ये लीकेज होतं, मी एका हाताने कीबोर्डचा स्टँड धरला होता आणि माईकची जाळी ओठाला लागली. सर्किट पूर्ण झालं ते माझ्यातून. खाली गालिचा होता आणि हात पटकन सुटला, म्हणून आज हे लिहितेय.

1972 मध्ये वेल्समधल्या स्वान्सी शहरात लेस्ली हार्वी हा गिटारवादक भर कार्यक्रमात अशानेच गेला. हातात गिटार होती आणि अर्थ नसलेल्या माईकला हात लागला.

देवळात तर माणसं ओल्या पायांनी येतात, अनवाणी उभी असतात. अर्थिंगची पिन घरघर घालवायला नसते, जीव वाचवायला असते.

सुसाट
ताई, हे खरंच माहीत नव्हतं. माझं वरचं कोणी करू नका. आमच्या मंडळाच्या अ‍ॅम्पची पिन मीच काढली होती, उद्या नवीन प्लग बसवतो.

निवृत्त_रेडिओ
टाळकरी, दुकानदाराचं ऐकून अ‍ॅम्प बदलू नका. नवा अ‍ॅम्प त्याच जागी, त्याच वायरने लावलात तर तोही घरघरेल. मी आयुष्यभर रेडिओच्या स्टुडिओत हेच काम केलं, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

आवाज शोधताना सुरुवात नेहमी शेवटाकडून करायची. आधी सगळे व्हॉल्यूम खाली. मग अ‍ॅम्पच्या मागची मिक्सरकडून आलेली वायर काढा आणि अ‍ॅम्पचा व्हॉल्यूम हळूहळू वाढवा. बॉक्स शांत असतील तर अ‍ॅम्प निर्दोष. तरीही घरघर असेल तर अ‍ॅम्पच्या पॉवर सप्लायमधले फिल्टर कपॅसिटर सुकले असतील. तो आवाज 100 हर्ट्झचा असतो, कारण रेक्टिफायर (एसीचं डीसी करणारा भाग) विजेच्या दोन्ही अर्ध्या लहरी सुलट करतो. अर्थिंगच्या गडबडीत बहुधा 50 हर्ट्झ आणि त्याच्या पटीतले सूर ऐकू येतात.

अ‍ॅम्प शांत निघाला की वायर परत जोडा आणि मिक्सरचे सगळे फेडर (आवाजाच्या सरकत्या खुंट्या) आणि सगळ्यांचा मिळून असलेला मास्टर तळाला न्या. मास्टर खाली असूनही घरघर असेल तर दोष मिक्सरच्या पुढे, म्हणजे मिक्सर ते अ‍ॅम्पच्या वायरीत. मास्टर वर केल्यावर वाढत असेल तर दोष मिक्सरच्या अलीकडे. मग एकेक चॅनल उघडायचा. ज्या खुंटीने घरघर कमीजास्त होते, तिच्या अलीकडे चोर आहे. जिने काहीच फरक पडत नाही, तिच्या पुढे.

एकावेळी एकच गोष्ट बदला आणि वहीत लिहा. चार गोष्टी एकदम हलवल्या आणि घरघर गेली, तर कशाने गेली ते कळत नाही आणि पुढच्या एकादशीला ती परत येते.

पांढरीपाच
काका, मस्त लिहिलंत. यात गाणाऱ्याच्या बाजूने भर घालते. 50 हर्ट्झ म्हणजे पांढरी पाचच्या (पेटीवरच्या पाचव्या पांढऱ्या पट्टीच्या) जरासा वर, साधारण अर्ध्या सुराचा एक तृतीयांश. 100 हर्ट्झ म्हणजे तोच सूर एक सप्तक वर. पेटीवर खालची पांढरी पाच दाबून धरा आणि बॉक्सची घरघर ऐका, दोन्हींमध्ये लहरी ऐकू येतील. म्हणजे ती विजेचीच.

टाळकरी, तुमचे बुवा कुठल्या पट्टीत गातात?

टाळकरी
काळी एक.

पांढरीपाच
मग बरोबर! काळी एकचा षड्ज धरला तर पांढरी पाच म्हणजे तीव्र मध्यम. घरघर तीव्र मध्यमापेक्षा किंचित चढी, धड मध्यम नाही की धड पंचम नाही. बुवांच्या तंबोऱ्यावर तासन् तास एक बेसूर तार वाजत राहिल्यासारखं होत असणार. म्हणूनच ती तुम्हाला इतकी टोचते. पांढरी पाचात गाणाऱ्या बाईला हीच घरघर अर्धी ऐकूच येत नाही, षड्जात मिसळून जाते.

झिलकरी
म्हणजे बुवांना पांढरी पाचात गायला लावा, प्रश्न मिटला. 😀

टाळकरी
@झिलकरी, बुवांना वाचून दाखवलं. खूप हसले. म्हणाले, "पट्टी बदलीन, पण मग वीज मंडळाला तानपुऱ्याची बिदागी द्यावी लागेल."

टोरांटोकर
इथे आमच्या महाराष्ट्र मंडळाच्या हॉलमध्ये वीज 60 हर्ट्झची, त्यामुळे घरघर काळी पाच आणि पांढरी सात यांच्या बरोबर मधे पडते. ती कुठल्याच पट्टीत बसत नाही.

एक कामाची गोष्ट. नील मन्सी यांनी 1995 मध्ये ऑडिओ इंजिनिअरिंग सोसायटीच्या नियतकालिकात 'पिन वन प्रॉब्लेम' मांडला. एक्सएलआरच्या (माईकच्या वायरीच्या तीन पिनांच्या कनेक्टरच्या) 1 नंबर पिनला केबलची जाळी, म्हणजे आतल्या तारांभोवतीचं विणलेलं आवरण, जोडलेली असते. ती पिन यंत्राच्या आत थेट पत्र्याच्या पेटीला जोडायला हवी. काही यंत्रांत ती आतल्या सर्किट बोर्डाच्या ग्राउंडला जोडतात. मग जाळीतून वाहणारा विजेचा करंट सर्किटमध्येच शिरतो आणि महागडी केबल वापरूनही घरघर येते. आमच्या हॉलमधला एक इक्वलायझर असाच निघाला.

जांभादगड
मी वायरमन आहे, रत्नागिरीकडेच कामं करतो. कोकणात एक पक्कं लक्षात ठेवा: जांभ्याच्या कातळात अर्थिंग नीट लागत नाही. पावसाळ्यात ठीक असतं, एप्रिल-मेमध्ये खड्डा कोरडा ठणठणीत होतो. मीठ-कोळसा भरून पाइप पुरला असेल तर उन्हाळ्यात त्यात पाणी ओतायला हवं. टाळकरी, आधी खड्ड्यात दोन बादल्या पाणी घाल.

निवृत्त_रेडिओ
जांभादगड, पाणी घालणं सुरक्षिततेसाठी हवंच, तुमचा सल्ला योग्य आहे. पण या घरघरीवर त्याचा उपाय होणार नाही. ही घरघर जमिनीत मुरत नाही, ती वर इमारतीतच फिरते. मिक्सरची अर्थ एका जागी, अ‍ॅम्पची दुसऱ्या जागी आणि दोघांना जोडणारी केबलची जाळी, असा वेढा तयार होतो. दोन्ही अर्थमध्ये थोडा जरी फरक असला तरी जाळीतून करंट वाहतो आणि तो सिग्नलवर चढतो. खड्डा कितीही ओला केला तरी वेढा तसाच राहणार.

जांभादगड
काका, वेढ्याचं मान्य. पण देवळांमध्ये मी काय बघतो ते सांगतो. सभामंडप नंतर बांधलेला असतो, त्याचं मीटर वेगळं असतं, अर्थिंगचा खड्डाही वेगळा. मग एक खड्डा ओला आणि एक कोरडा असेल तर फरक वाढणारच ना? टाळकरी, तुमच्याकडे मीटर किती?

टाळकरी
दोन! गाभारा आणि मागची खोली जुन्या मीटरवर. सभामंडप 2011 मध्ये बांधला, त्याचं मीटर वेगळं.

निवृत्त_रेडिओ
जांभादगड, तुम्ही नस पकडलीत. या ठिकाणी तुमचा मुद्दा बरोबर आणि माझा अपुरा होता.

टाळकरी, अ‍ॅम्पकडची वायर काढा. मल्टीमीटर एसी व्होल्टवर ठेवा. एक काडी त्या वायरीच्या जाळीला, दुसरी अ‍ॅम्पच्या पत्र्याला. काय आकडा येतो ते कळवा. दोन काड्यांमध्ये हात घालू नका आणि जांभादगड जवळपास असतील तर त्यांनाच बोलवा.

मालवणीभूत
हे चालू आहे तोवर विचारतो. आमच्याकडे घरघर नाही, पण मधेच "टिक टिकटिक टिकटिक" असा आवाज येतो आणि मग कोणाचा तरी फोन वाजतो.

पत्र्याचीशेड
तो फोनच. टूजीवर फोन सेकंदाला सुमारे 217 वेळा थांबून-थांबून रेडिओ लहर सोडतो आणि ती माईकच्या वायरीत पकडली जाते. फोरजीवर हा आवाज सहसा येत नाही, पण बटणांचे साधे फोन बऱ्याचदा टूजीवरच असतात. मृदंगवाल्याच्या सदऱ्याच्या खिशात बघ.

मालवणीभूत
खरंच मृदंगवाल्या आजोबांचाच निघाला.

ओटीवरचा
आमची वेगळीच तऱ्हा. लाइट गेली आणि इन्व्हर्टर सुरू झाला की अ‍ॅम्पमधूनच गुर्र आवाज येतो.

पत्र्याचीशेड
बॉक्समधून की अ‍ॅम्पच्या डब्यातून? बॉक्सची वायर काढ. तरीही गुर्र येत असेल तर तो अ‍ॅम्पचा ट्रान्सफॉर्मर कंप पावतोय, आवाज सिग्नलमध्ये नाहीच. स्वस्त इन्व्हर्टर चौकोनी लहर देतो, ट्रान्सफॉर्मरला ती सोसत नाही. साइन वेव्हचा इन्व्हर्टर लागेल. आणि पंख्याचा इलेक्ट्रॉनिक रेग्युलेटरही बघ. पंखा एक ते चार नंबरवर असताना करकर आणि पाचवर किंवा बंद केल्यावर गप्प, म्हणजे तो रेग्युलेटर.

टाळकरी
मोजलं! जांभादगड दादा स्वतः मोटरसायकलवरून आले, चहाचेही पैसे घेतले नाहीत. 2.8 व्होल्ट. अ‍ॅम्प मोकळा ठेवला तर एकदम शांत. म्हणजे नवा अ‍ॅम्प घ्यायची गरज नाही!

निवृत्त_रेडिओ
माईकचा सिग्नल काही मिलिव्होल्टचा असतो. मिक्सरमधून बाहेर पडतो तेव्हाही तो एक-सव्वा व्होल्टच्या आसपास. आणि तुमच्या दोन अर्थमध्ये 2.8 व्होल्ट. गायकापेक्षा घरघर मोठी आहे.

आता मिक्सर ते अ‍ॅम्पच्या वायरीची दोन्ही टोकं उघडून बघा. कुठल्या पिना, किती तारा?

टाळकरी
मिक्सरकडे एक्सएलआर, अ‍ॅम्पकडे साधा मोनो जॅक. एक्सएलआर उघडला तर आत 1 आणि 3 नंबरची पिन एका तारेने जोडलेली. केबलमध्ये लाल, पांढरी आणि जाळी अशा तिघी आहेत, पण जॅकमध्ये पांढरी कापून टाकली आहे. अ‍ॅम्पला मागे एक्सएलआरचं भोक आहे, ते कधी वापरलंच नाही.

निवृत्त_रेडिओ
सापडला. ज्याने जोडलं त्याच्याकडे तेव्हा जॅकच असेल, त्याला दोष देऊ नका. पण काय झालंय ते बघा.

बॅलन्स्ड केबलमध्ये सिग्नल दोन तारांवर जातो, 2 वर सुलट आणि 3 वर उलट. वाटेत घरघर चढते ती दोन्ही तारांवर सारखीच. पलीकडे अ‍ॅम्प एका तारेतून दुसरी वजा करतो. सिग्नल उलट-सुलट असल्यामुळे दुप्पट होतो, घरघर सारखी असल्यामुळे शून्य होते. दोन्ही तारांना पीळ का असतो, तर बाहेरची लहर दोघींना सारखीच लागावी म्हणून. ही युक्ती टेलिफोनची आहे. ग्रॅहम बेलने 1881 मध्ये पीळ दिलेल्या जोडतारेचं पेटंट घेतलं. आमच्या स्टुडिओच्या लाइन अशाच असायच्या, दोन्ही टोकांना ट्रान्सफॉर्मर, आणि शांतता अशी की निवेदकाने श्वास घेतलेला ऐकू यायचा.

तुमच्या केबलमध्ये 3 ला 1 शी जोडल्यावर जाळी सिग्नलचा अर्धा रस्ता झाली. जाळीवरचा 2.8 व्होल्टचा फरक थेट बुवांच्या आवाजात मिसळला.

दोन्ही टोकांना एक्सएलआर लावा, 1 ला 1, 2 ला 2, 3 ला 3. सोल्डर चकचकीत दिसला पाहिजे. मळकट, दाणेदार दिसला तर तो ड्राय सोल्डर, परत करा.

जांभादगड
आणि मिक्सर, अ‍ॅम्प, लॅपटॉप तिन्ही एकाच मीटरवर आणायचे. मी मागच्या खोलीतल्या बोर्डावरून तीन तारांची चांगली वायर काढून खांबापर्यंत देतो. चार-पाच अँपिअरच्या आतलं काम आहे, लोड येणार नाही. सभामंडपाच्या बोर्डावर साउंडचं काहीही लावायचं नाही. दोन्ही अर्थ एकत्र बांधायचं काम पावसाळ्यानंतर बघू, आणि 30 मिलिअँपिअरचा आरसीसीबी (गळती झाली की वीज तोडणारा स्विच) बसवूया. तो रानजाई ताईंसारखा प्रसंग टाळतो.

टोरांटोकर
लॅपटॉपसाठी एक आयसोलेशन ट्रान्सफॉर्मर घ्या, किंवा ग्राउंड लिफ्टचं बटण असलेला डीआय बॉक्स. त्यात सिग्नल चुंबकीय मार्गाने पलीकडे जातो, तारेने जोडलेला नसतो, त्यामुळे वेढा तुटतो. विजेची अर्थ मात्र शाबूत राहते. अगदी स्वस्तातला घेऊ नका, त्यात खालचे सूर कमी होतात. तुमच्याकडे पखवाज असेल तर त्याची धूम जाईल.

पत्र्याचीशेड
हेच. चार्जर लावल्यावर माऊस हलवताना किरकिर बदलते का बघ. बदलत असेल तर शंभर टक्के लॅपटॉपचा वेढा.

टाळकरी
बदलते! पान वर-खाली केलं की "चिर्र चिर्र" होतं. ट्रान्सफॉर्मर मागवतो.

रानजाई
तानपुऱ्याची पेटी वापरता का? तिचा छोटा अ‍ॅडॉप्टरही कधी कधी गुणगुणतो. सेलवर लावून बघा.

टाळकरी
ताई, तानपुरा खराच आहे. बुवांचाच.

टाळकरी
(बारा दिवसांनी) मंडळी, काल एकादशी झाली.

दोन दिवस आधी जांभादगड दादांनी वायर ओढली. केबलची दोन्ही टोकं मी स्वतः सोल्डर केली, पहिला टाका मळकट आला म्हणून काकांचं ऐकून परत केला. ट्रान्सफॉर्मर लावला. संध्याकाळी सगळं चालू केलं आणि मला वाटलं अ‍ॅम्प सुरूच झाला नाही. व्हॉल्यूम वर नेला, काही नाही. मग माईकजवळ चुटकी वाजवली आणि अख्ख्या सभामंडपात घुमली.

बुवा बसले. तानपुरा जुळवताना जोडाच्या तारांखालचा जवारीचा झंकार बॉक्समधून ऐकू आला, तो मी देवळात कधी ऐकला नव्हता. आलापीत ते मंद्र पंचमावर थांबले, तो स्वर शेवटपर्यंत ऐकू आला, मग नुसता तानपुरा. मुंबईहून आत्याने फोन करून विचारलं, "नवीन मशीन घेतलंत काय रे?"

एकूण खर्च: दोन कनेक्टर, वायर आणि ट्रान्सफॉर्मर. उरलेल्या वर्गणीतून आरसीसीबी घेतोय. रेकॉर्डिंग ठेवलंय, कोणाला हवं असल्यास सांगा.

अजून एक बारीक "सूं" आहे, पावसाच्या भुरभुरीसारखी. ती कशाची?

निवृत्त_रेडिओ
वाचून डोळे भरून आले. रेकॉर्डिंग जरूर पाठवा.

ती सूं घरघर नाही, ती इलेक्ट्रॉनिक्सची स्वतःची सळसळ आहे. बहुतेक चॅनलचा गेन (मिक्सरवर माईकचा आवाज पहिल्यांदा वाढवणारी खुंटी) कमी आणि अ‍ॅम्पचा व्हॉल्यूम पूर्ण असं ठेवलं असेल. उलट करा. आवाज पहिल्याच पायरीवर वाढवायचा, अ‍ॅम्प खाली आणायचा. आणि माईक बुवांच्या तोंडापासून दहा-बारा सेंटिमीटरवर आणा. बारीक आवाजाच्या गायकाला जवळ बसवणं हाच सर्वांत चांगला अ‍ॅम्प्लिफायर.

टाळकरी
अ‍ॅम्प पूर्णच होता! आत्ताच अर्ध्यावर आणून गेन वाढवला. सूं जवळजवळ गेली.

झिलकरी
अभिनंदन दादा! तुझं वाचून मी आमच्याकडे चाचण्या केल्या. मीटर एकच आहे, लॅपटॉप नाही, केबलही बॅलन्स्ड निघाली. अ‍ॅम्प मोकळा शांत. एक वेगळं सापडलं: घरघर फक्त पाऊस पडला की येते. ऊन पडलं की दोन दिवसांत जाते.

जांभादगड
पावसात? मग अर्थिंगच्या आधी माईकच्या केबलचे कनेक्टर उघड. आत हिरवा गंज असेल. 1 नंबरच्या पिनेचा फोटो टाक.